दस्त्यास तडा

आमच्या आप्पांच्या घरात बिघडलेली वस्तू एकही नाही. चालू वस्तूही एकही नाही. सगळ्या दुरुस्तीत आहेत.

पडवीत शिरलात की डाव्या हाताला पाण्याचा पंप पोट उघडून पडलेला दिसेल, त्याला टेकून शिवणाचं मशीन, मशीनवर रेडिओ, आणि रेडिओच्या आत, जागा वाया जाऊ नये म्हणून, मिक्सरची मोटर. भिंतीवरच्या घड्याळाला तबकडी आहे, काटे कंपासपेटीत आहेत. कुणी वेळ विचारली तर आप्पा मनगटावरच्या घड्याळात बघून सांगतात. ते घड्याळ जावयानं दिलेलं आहे आणि त्याची पाठ उघडत नाही, म्हणून चालतं. काकींचं म्हणणं वेगळं नाही. "ह्या घरात मीच तेवडी चालू आसंय," त्या म्हणतात. "ह्यांनी माका अजून खोलून बघूक नाय म्हणान."

आप्पांची चौतीस वर्षं एस. टी.च्या वर्कशॉपात गेली. तिथं गाडी रात्री आत आली की सकाळी सहाच्या फेरीला बाहेर पडलीच पाहिजे. चौतीस वर्षं त्या माणसानं प्रत्येक काम वेळेत संपवलं. निवृत्तीनंतर त्यांनी एकही संपवलेलं नाही. मला हा आळस वाटत नाही, थकलेली रजा वसूल करणं वाटतं.

तर अशा घरात, २०२२ च्या जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर बंदूक दुरुस्तीला निघाली.

ही बंदूक म्हणजे आप्पांच्या बाबांची बारा बोअरची दुनळी. बाहेर घोडे असलेली, विलायती. बाबांनी ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर मुंबईहून जुनीच विकत आणली होती. बाबा गेल्यावर परवाना आप्पांच्या नावावर झाला. बाबांच्या काळात तिनं डुकरं पाडली, असं सगळा वाडा सांगतो. आकडा सांगणाऱ्याच्या वयाप्रमाणे वाढतो. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि डुक्कर मारायचं तर आधी परवानगी हवी, असं झालं. अर्ज करायची वाट आहे, नाही असं नाही. पण अर्ज करून कागद हातात पडेपर्यंत डुकराची नातवंडं भातात लोळतात. तेव्हा गावात सगळे करतात तेच आप्पाही करतात, सुतळी बॉम्ब लावतात. बंदूक कपाटात, कुलपात. वर्षातून एकदा दसऱ्याला बाहेर यायची, झेंडूची माळ घालून पाटावर बसायची आणि ओल्या कुंकवासकट परत आत जायची. त्या कुंकवाचं नळीवर जिथं जिथं बोट लागलं तिथं तिथं गंजाचा एकेक ठिपका होता. चापाच्या कडीत कुठल्याशा दसऱ्याच्या अक्षता अडकलेल्या होत्या.

आप्पांनी स्वतः जन्मात एकच बार काढला. तोही आभाळात. त्यात माडाची एक झावळ खाली आली, आणि खांदा आठ दिवस काळानिळा होता. हे ते कुणाला सांगत नाहीत. काकी सांगतात.

"म्हातारीक जरा बरी करूक व्हयी," आप्पा मला म्हणाले. मी पुतण्या, मुंबईकर, म्हणजे सामान आणून देणारा. नागदेवी स्ट्रीटवरून काय काय आणायचं याची यादी तयार होती. सगळ्यात बारीक स्टीलवूल, पॉलिशपेपर तीन नंबरांचे, अळशीचं उकळलेलं तेल, अराल्डाइट. यादीच्या तळाला 'घाई नाही' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

कामाला हात घालण्यापूर्वी आप्पा ठाण्यात जाऊन विचारून आले, हे मुद्दाम सांगायला हवं. असा माणूस बेफिकीर असेल असं वाटतं, तो नसतो. त्यांना कळलं ते असं: पुसापुशी, तेलपाणी, लाकडाचं पॉलिश मालकानं करावं. चाप, घोडे, आतली यंत्रणा यांची दुरुस्ती म्हटली की १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ते परवानेदार कारागिराचं काम. आणि नळीवरचा नंबर घासून गेला तर बंदूक सोडाच, आप्पांनाच आत ठेवतील. घरी आल्या आल्या आप्पांनी नंबरावर इन्सुलेशन टेपच्या सात पट्ट्या चिकटवल्या आणि वर बॉलपेनानं लिहिलं, 'हात लावू नये'. कुणासाठी, विचारू नका. हात लावणारे तेच एकटे होते.

पहिला दिवस एका स्क्रूत गेला. एस. टी.च्या बोल्टाला पाना लावला, पाइप अडकवला आणि अंग टाकलं की तो ऐकतो. विलायती बंदुकीच्या स्क्रूची खाच केसाएवढी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना वेलबुट्टी कोरलेली. आप्पांचा स्क्रूड्रायव्हर घसरला आणि वेलीवरच्या एका फुलातून आरपार गेला. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, कातळावर पाणी शिंपडलं आणि तीन दिवस तो स्क्रूड्रायव्हर घासत बसले. घासायचा, खाचेत लावून बघायचा, परत घासायचा. चौथ्या दिवशी तो खाचेत असा बसला, की बंदूक उलटी धरली तरी पडेना. स्क्रू अर्ध्या वळशात सुटला. मी त्या माणसाची पुष्कळ थट्टा करतो आणि इथंही करतो आहे, पण ते तीन दिवस मी पडवीत बसून बघत होतो. तेवढ्यापुरती थट्टा मागे घेतो.

दस्ता सुटा झाला. अक्रोडाचं लाकूड, पण वरचं व्हार्निश काळं पडून त्याला जांभ्याची कळा आलेली. मानेजवळ, जिथं मूठ धरतात तिथं, दोन इंचांचा तडा. हा तडा लक्षात ठेवा.

आमच्या सुताराला बोलावलं नव्हतं, तरी तो आला. बघून म्हणाला, "आप्पानु, फणसाचो नवो घालूया. पिवळोधमक." आप्पांनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावला. अक्रोडाला फणस सुचवणाऱ्या माणसाशी ते नंतर चार महिने मोजकं बोलत होते.

लाकडावर जागोजागी पोचे होते. पोचा काढायची युक्ती अशी, की ओलं फडकं त्यावर घालायचं आणि वरून तापलेली इस्त्री टेकवायची. दाबलेले तंतू वाफ पिऊन फुगतात आणि पोचा वर येतो. तंतू तुटलेले असतील तर मात्र नाही. पहिला पोचा डोळ्यांदेखत वर आला तेव्हा आप्पांनी काकींना हाक मारली, काकींनी शेजारणीला, आणि थोड्या वेळात पडवीत दहा-बारा माणसं इस्त्रीकडे बघत उभी होती. दुसरा पोचा, तिसरा पोचा. पोचे संपले तेव्हा आप्पांना चुकल्याचुकल्यासारखं झालं; त्यांनी पाट, परात ठेवायचं फळकूट आणि देव्हाऱ्याची एक बाजू यांवरचेही पोचे काढले. संध्याकाळी मी त्याच इस्त्रीनं लग्नाला जायचा पांढरा सदरा इस्त्री केला. इस्त्रीच्या तळाला सन १८०० आणि काहीचं विलायती व्हार्निश होतं. सदऱ्याच्या पाठीवर तपकिरी होडी उमटली, आणि त्या लग्नात मी शेवटपर्यंत भिंतीला टेकून उभा होतो.

तड्यात अराल्डाइट भरलं, आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. क्लॅम्पपेक्षा ट्यूब बरी. गोल मानेवर सगळीकडून सारखी दाबते. चोवीस तास पुरले असते. आप्पांनी ती नारळी पौर्णिमेपर्यंत ठेवली.

मग तेल. अक्रोडाला अळशीचं तेल द्यायचा जो जुना नेम आहे, तो आप्पांसाठीच कुणी घालून दिला असावा: पहिला आठवडा रोज एक हात, मग महिनाभर आठवड्याला एक, मग वर्षभर महिन्याला एक, आणि मग जन्मभर वर्षाला एक. म्हणजे हे काम नियमानंच संपत नाही. हे वाचून झाल्यावर आप्पांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, तसं पेन्शन सुरू झाली तेव्हाही पसरलं नव्हतं.

फक्त हा नेम करणाऱ्यानं कोकणातला श्रावण बघितलेला नव्हता. आमच्याकडे पावसात पापड वाळत नाही, तेल कुठलं वाळणार? पहिला हात दिला तो आठव्या दिवशीही चिकट. त्यावर मुंग्या आल्या, कोंबडीचं एक पीस येऊन बसलं, आणि मांजराचा पंजा स्पष्ट उमटला. आप्पांनी सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. तेलाची फडकी चोळामोळा करून ते लाकडाच्या खोपीत टाकत गेले. अळशीचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. बोळा करून ठेवलेलं फडकं काडी न लावता पेटू शकतं. हे आप्पांना माहीत होतं, पण आठवलं ते रात्री दोन वाजता, खोपीतून धूर येऊ लागल्यावर. दोन कळश्या पाण्यात भागलं. त्या बंदुकीपायी पन्नास वर्षांत निघालेला तो पहिला धूर. काकींनी दुसऱ्या दिवशी फडकी एकेक करून दोरीवर वाळत घातली, धुतलेल्या लुगड्यांच्या शेजारी, आणि चार दिवस आप्पांना पेज वाढली, वर लोणचं नाही.

आता नळ्या. गंज काढायला रॉकेल आणि स्टीलवूल. आप्पा घासत होते आणि अंगठ्याखाली पट्टे यायला लागले, वळणावळणाचे, भरतीचं पाणी ओसरल्यावर पुळणीत उमटतात तसे. त्यांना वाटलं गंज खोल गेलाय. ते आणखी जोर लावून घासू लागले, तसे पट्टे आणखी ठसठशीत. मी फोनवर फोटो काढून शोधाशोध केली, तेव्हा उमगलं. ही दमास्कस नळी. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळायच्या, तो पीळ गजाभोवती गुंडाळायचा आणि तापवून ठोकून सांधायचा. मग दोन धातूंच्या लाटा नळीच्या अंगात राहतात. कुणी कोरलेलं नाही, नळीच तशी विणलेली. आप्पांनी स्टीलवूल खाली ठेवलं आणि हात पंच्याला पुसले.

"बाबांका ठावक नसतला," एवढंच म्हणाले.

या लाटा उठून दिसायच्या तर नळीवर मुद्दाम हलका गंज चढवायचा, तो पाण्यात उकळायचा, म्हणजे तांबडा गंज काळा होतो, मग घासायचा, आणि परत गंज चढवायचा. असं सात-आठ वेळा. विलायतेत यासाठी औषध लावून नळी दमट पेटीत ठेवतात. आमच्याकडे पेटी लागत नाही. आप्पांनी नळ्या पडवीत टांगल्या आणि चहाला आत गेले. बाहेर आले तेव्हा काम झालेलं होतं. अडचण उकळायची होती. नळ्या तीस इंच लांब, आणि घरातला मोठ्यात मोठा टोप त्यांना आखूड. आप्पांनी विचार केला आणि वळचणीची पत्र्याची पन्हळ उतरवली, दोन्ही तोंडं झाळून बंद केली, आणि तिच्याखाली तीन चुली मांडल्या. नळ्यांना लाकडी बुचं ठोकून त्या आत सोडल्या. पन्हळीत बंदूक रटरटत होती आणि पन्हळीवाचून उघडी पडलेली वळचण थेट काकींच्या मसाल्याच्या डब्यांवर गळत होती. काकी छत्री उघडून स्वयंपाक करत होत्या. छत्रीची एक काडी मोडलेली होती. ती आप्पांना दाखवायची नाही, अशी घरात सगळ्यांना ताकीद होती.

नळ्या अखेरीस अशा उतरल्या की पाहणाऱ्यानं हातच जोडावेत. काळ्यावर तपकिरी लाटा. आणि गंज गेल्यावर डाव्या नळीखाली इंग्रजी अक्षरं वाचता येऊ लागली: 'नॉट फॉर बॉल'. वाड्यातल्या पोरांनी ती वाचली आणि गावभर झालं की आप्पांची बंदूक क्रिकेटला चालत नाही. खरी गोष्ट अशी, की नळीचं तोंड आत किंचित आवळलेलं असलं तर त्यातून एकच मोठी गोळी सोडायची नाही, फक्त छर्रे, एवढी ती सूचना. हा शिक्का बर्मिंगहॅमच्या बंदुकांवर १८७५ ते १८८७ एवढ्याच काळात मारत. म्हणजे म्हातारी एकशेतीसच्या पुढची. आप्पा त्या दिवसापासून पडवीत येणाऱ्या प्रत्येकाला बसवून बारा बोअर म्हणजे काय ते सांगू लागले. "बारा नंबर न्हय. एक रत्तल शिशाचे बारा सारके गोळे करूचे. त्यातलो एक जेच्यात बसता, ता बारा बोअर." पोस्टमननं हे तीनदा ऐकलं आणि नंतर पत्रं गावातल्या दुकानात ठेवू लागला.

चापाची स्प्रिंग ढिली होती, तेवढ्यासाठी आम्ही बंदूक माझ्या गाडीतून कोल्हापूरला परवानेदार कारागिराकडे नेली. कागद आप्पांच्या छातीशी, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. कारागीर वयस्कर, मितभाषी. त्यानं बंदूक हातात घेतली, भिंगाखाली शिक्के बघितले, आणि पहिलं वाक्य बोलला, "पॉलिश कुणी केलंय?"

आप्पांनी उत्तर देण्यापूर्वी घसा साफ केला. "मीच. घराकडेच."

"चांगलं केलंय." मग भिंग खाली ठेवून म्हणाला, "आता ही उडवायची नाही."

दमास्कस नळी काळ्या दारूसाठी केलेली. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये तपासली गेली तीही काळ्या दारूवर. नव्या बिनधुराच्या दारूचा शिक्का तिच्यावर नाही. आजच्या काडतुसाचा दाब तिला झेपेलच असं नाही, नळी फाटू शकते, आणि फाटली तर डाव्या हाताशी फाटते. आप्पांनी बारीक आवाजात सांगितलं, की बाबांनी तर वर्षानुवर्षं हीच खडकीच्या कारखान्यातली काडतुसं उडवली. कारागिरानं एकदा भिंतीवरच्या अंबाबाईच्या तसबिरीकडे बघितलं आणि स्प्रिंग बदलायला घेतली.

गाडीत मला वाटलं आप्पा खट्टू होतील. गगनबावड्याचा घाट उतरेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरा झाला." मी वळून बघितलं. चेहरा अगदी मोकळा झालेला. बार काढायचा प्रश्नच मिटला होता. आता फक्त देखभाल, आणि तीही जन्मभर.

आता तडा. २०२४ च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बंदुका जमा करायचा हुकूम आला. कोकणात हे नेहमीचं आहे. लोकसभा आली की बंदूक काजू-आंब्याच्या दिवसांत ठाण्यात, विधानसभा आली की भात कापणीला आल्यावर ठाण्यात. डुकरांना आचारसंहिता नाही. आप्पा धुतलेलं धोतर नेसून निघाले. बंदूक जमा करायला नव्हे, मुलगी दाखवायला चालल्यासारखे.

ठाण्यातले हवालदार घाटावरचे, नवीन. त्यांनी २०१९ ची नोंदवही काढली. तीत लिहिलेलं: बारा बोअर दुनळी, घोड्याची, जुनी, गंजलेली, दस्त्यास मानेजवळ दोन इंच तडा. हे शेवटचे शब्द त्या वेळी आप्पांनीच हटून लिहून घेतले होते. "लिवा. उद्या तुमी म्हणशात आदीच होतो, मी म्हणान तुमी पाडलास."

हवालदारांनी नंबर ताडून पाहिला. बरोबर. बंदूक फिरवली. परत नंबर पाहिला.

"काका, गंज कुठाय?"

"काडलंय."

"आणि तडा?"

"बुजवलंय."

"दाखवा."

आप्पांनी चष्मा लावला आणि तडा शोधू लागले. दोन पावसाळे घालून तो असा बुजवलेला, वर तेलाचे इतके हात चढलेले, की त्यांना स्वतःलाच सापडेना. दस्ता खिडकीशी नेला. टॉर्च आणला. लायनीत उभे असलेले आणखी सात-आठ बंदूकवाले जमले आणि प्रत्येकानं आपापला तडा सुचवला. आप्पांना घाम फुटला. हा घाम भीतीचा की अभिमानाचा, ते मला कळेना, बहुधा त्यांनाही. शेवटी नखाच्या टोकाशी त्यांना काहीतरी लागलं. "हंय आसा! केसासारखो!" ते ओरडले. हवालदारांनी वाकून बघितलं. त्यांना काही दिसलं नाही. पण मागे लाईन वाढत होती आणि नंबर जुळत होता. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, 'दस्त्यास तडा (मालकाच्या सांगण्यावरून)'.

आप्पांनी ती पावती फ्रेम करून लावली आहे. फ्रेमची एक काच दुरुस्तीत आहे.

बंदूक जूनमध्ये परत मिळाली, तेलाचा एक हात झाला, आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. भात पिकून वाकलेलं. आप्पा परत ठाण्यात गेले, या वेळी हत्यारांची पेटी घेऊन. मागच्या खेपेला नोंदवही काढताना हवालदारांच्या टेबलाचा खण अडकत होता, तो त्यांच्या डोक्यातून गेलेला नव्हता.

बंदूक डिसेंबरात घरी आली. ठाण्यातला खण अजून दुरुस्तीत आहे.